हक्काची वाट ओळखताना : गोरिंग परिसरातील धावण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील टिपणात मी थेम्स नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेल्या गोरिंग आणि स्ट्रीटली या इंग्लिश जोडगावांचा आणि तेथील धावण्याच्या वाटांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे रेडिंग, स्लाव आणि स्विंडन या भागांत राहणाऱ्या मराठी वाचकांची आहेत, तर एक पुण्याहून आले आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून रेडिंगमध्ये राहते. दहा किलोमीटर अंतर मी सहज धावते, पण ते व्यायामशाळेतील ट्रेडमिलवर किंवा शहरातील रस्त्यांवर. गोरिंगला सहकुटुंब फिरायला गेलो असताना काही माणसे उभ्या गव्हाच्या शेतामधून धावत जाताना दिसली आणि मला त्यांचा हेवा वाटला. मी तशी धावले तर शेताचा मालक हटकेल का? आपण बाहेरून आलेली माणसे, आपण असे करणे योग्य दिसेल का, या शंकेने पाऊल उचलत नाही.
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देते, कारण ती शंका मनात असेपर्यंत बाकीच्या माहितीचा काहीच उपयोग नाही. त्या गव्हाच्या शेतातून जाणारी माणसे मालकाच्या मेहेरबानीवर धावत नव्हती. जमीन खाजगी होती, पण तिच्यावरून जाणारी वाट सार्वजनिक हक्काची होती. त्या हक्काचा नागरिकत्वाशी, व्हिसाशी किंवा त्या गावात घर असण्याशी काहीही संबंध नाही. जो कोणी त्या वाटेवर पाऊल ठेवेल त्याचा तो हक्क आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांचे सुमारे २,२५,००० किलोमीटरचे जाळे आहे, आणि ते शेतांतून, कुरणांतून, काही ठिकाणी तर एखाद्या घराच्या अंगणाला लागून जाते.

आपल्याकडच्या पाणंद रस्त्यांची आणि शिवरस्त्यांची ज्यांना सवय आहे, त्यांना हे अर्धे ओळखीचे आणि अर्धे नवे वाटेल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ नुसार शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे दाद मागता येते. परंतु त्या मागणीमागे आपल्या शेतापर्यंत पोहोचण्याची गरज असावी लागते. इंग्लंडमधील वाटेवर चालणाऱ्याला किंवा धावणाऱ्याला कोठे आणि कशासाठी निघालो हे कोणालाही सांगावे लागत नाही. शतकानुशतके लोक चर्चला, गिरणीला, बाजाराला ज्या वाटांनी गेले, त्या वाटा वहिवाटीने सार्वजनिक झाल्या, आणि १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यासंबंधीच्या कायद्याने त्यांची अधिकृत नकाशांवर नोंद करण्याचे काम स्थानिक परिषदांवर सोपवले. या कायद्यामागे लोकांचा मोठा रेटा होता. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधील किंडर स्काउट या पठारावर शेकडो तरुण बंदी मोडून चढले, त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला, आणि मोकळ्या माळावर फिरण्याचा प्रश्न सगळ्या देशापुढे आला. २००० साली झालेल्या कायद्याने डोंगर, माळ, टेकड्यांवरची गवताळ जमीन आणि नोंदलेली सामाईक जमीन यांपैकी नकाशावर दाखवलेल्या भागांत वाट सोडूनही पायी फिरण्याची मुभा दिली. एवढ्या प्रयत्नांनी मिळालेला हक्क आपण संकोचामुळे वापरला नाही, तर मला मनापासून वाईट वाटेल.

मात्र हा हक्क त्या वाटेपुरता आहे, अवघ्या शेतापुरता नाही; म्हणून वाट ओळखता आली पाहिजे. प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करते. आपण रस्त्याकडेच्या पदपथाला फुटपाथ म्हणतो. इंग्लंडमध्ये त्याला पेव्हमेंट म्हणतात, आणि फुटपाथ म्हणजे शेतातून, रानातून जाणारी पायवाट. खांबावरच्या पाटीवर ‘पब्लिक फुटपाथ’ असे लिहिलेले असेल आणि पुढे फाटकावर पिवळा बाण असेल, तर ती वाट फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे, व धावणे हे पायी जाणेच आहे. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, अर्थात घोडेवाट. तिच्यावर घोडेस्वार आणि सायकलस्वारही येऊ शकतात. जांभळा बाण असलेल्या वाटेवर घोडागाडीही चालते, पण मोटारीला बंदी आहे. लाल बाणाच्या वाटेवर मोटारीलाही परवानगी असते. याखेरीज ‘परमिसिव्ह पाथ’ अशी पाटी कोठे कोठे दिसेल. तेथे मात्र खरोखरच मालकाची मेहेरबानी असते, आणि तो ती वाट बंद करू शकतो.

आता त्या गव्हाच्या शेताविषयी. शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकऱ्याला पेरणीसाठी नांगरता येते, परंतु पहिल्यांदा जमीन हलवल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याने ती पुन्हा चालण्याजोगी करून दिली पाहिजे, आणि उभ्या पिकातही पायवाटेसाठी किमान एक मीटर व घोडेवाटेसाठी दोन मीटर रुंदी मोकळी ठेवली पाहिजे. शेताच्या कडेने जाणारी वाट तर त्याने नांगरायचीच नाही. म्हणून पिकातून जाणारी मोकळी पट्टी दिसली की तिच्यावरूनच धावावे. चिखल टाळण्यासाठी बाजूच्या पिकात पाय घालू नये. मला आढळलेले बहुतेक शेतकरी ही पट्टी निगुतीने राखतात आणि धावणाऱ्याला हात उंचावून अभिवादनही करतात. एखादी वाट तारेने अडवलेली किंवा नांगरून नाहीशी केलेली आढळली तर वाद न घालता स्थानिक परिषदेला कळवावे. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की गोरिंग ऑक्सफर्डशरमध्ये आहे आणि पूल ओलांडताच लागणारे स्ट्रीटली बर्कशरमध्ये. त्यामुळे एका काठाची तक्रार ऑक्सफर्डशर काउंटी कौन्सिलकडे आणि दुसऱ्या काठाची वेस्ट बर्कशर कौन्सिलकडे जाते.

‘अनधिकृत प्रवेश करणाऱ्यांवर खटला भरला जाईल’ अशा अर्थाच्या पाट्या पाहून घाबरू नका. वाट सोडून चुकून खाजगी जमिनीत शिरणे हा सामान्यतः दिवाणी स्वरूपाचा प्रश्न असतो, फौजदारी गुन्हा नव्हे. रेल्वेचे रूळ आणि लष्करी जमीन ही ठिकाणे मात्र याला ठळक अपवाद आहेत. वाट चुकल्याचे कळले की क्षमा मागून परत फिरावे. फाटक ज्या स्थितीत आढळले त्याच स्थितीत ठेवावे : बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे, उघडे असेल तर उघडेच राहू द्यावे, कारण ते गुरांना पाण्यापर्यंत जाता यावे म्हणून मुद्दाम उघडे ठेवलेले असू शकते.

प्रश्न : आमच्याकडे मोटार नाही. गोरिंगच्या स्थानकावर उतरून धावता येतील अशा वाटा सविस्तर सांगाल का? मी आठवड्यातून तीनदा सात-आठ किलोमीटर धावतो, पण सपाट रस्त्यावर.
— एक वाचक, स्लाव

उत्तर : मोटार नसणे ही या गावाच्या बाबतीत अडचण नाहीच. गोरिंग आणि स्ट्रीटली या नावाचे स्थानक १८४० पासून ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे, आणि रेडिंगहून तेथे पोहोचायला पाव तासाच्या आसपास लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे याच ठिकाणी इंग्लंडमधील दोन राष्ट्रीय पायवाटा एकमेकींना भेटतात : नदीच्या काठाने जाणारी, सुमारे २९८ किलोमीटरची थेम्स पाथ, आणि मुख्यतः खडूच्या (म्हणजे मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या) टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी, १३९ किलोमीटरची रिजवे. पूर्वेकडचे चिल्टर्न डोंगर आणि पश्चिमेकडचे बर्कशर डाउन्स यांच्यामधील ज्या खिंडीतून थेम्स वाहते, त्या खिंडीतच ही दोन गावे आहेत. त्यामुळे एकाच स्थानकावरून निघून सपाट नदीकाठही गाठता येतो आणि उघडा माथाही. दोन्ही राष्ट्रीय पायवाटांच्या खांबांवर ओकच्या फळाचे चिन्ह असते. ते एकदा डोळ्यांत बसले की वाट चुकण्याची भीती पुष्कळ कमी होते.

आपल्या पहिल्या खेपेसाठी मी गोरिंगहून पँगबर्नपर्यंतची थेम्स पाथ सुचवीन. ही वाट साडेसहा-सात किलोमीटरची आहे, आणि तिचा सर्वांत मोठा गुण असा की पँगबर्न हे रेडिंगच्या दिशेने पुढचेच स्थानक आहे. म्हणजे आल्या वाटेने परत न फिरता गाडीने घरी जाता येते. गोरिंगच्या पुलाजवळून प्रवाहाच्या दिशेने निघावे. सुरुवातीला पाण्याला लागून कुरणे आहेत, पायाखाली गवत आहे, आणि थोड्याच वेळात ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला गेटहॅम्प्टनचा विटांचा रेल्वेपूल डोक्यावर येतो. येथे थोडे थांबून कमानींच्या आतल्या बाजूला नजर टाकावी. पूल नदीवर तिरपा असल्यामुळे विटांचे थर सरळ न जाता पीळ दिल्यासारखे तिरके रचलेले आहेत. त्यानंतर वाट हार्ट्सलॉकच्या रानात शिरते आणि तिचा स्वभाव बदलतो. सपाट रस्त्यावर धावणाऱ्याला येथील छोटे पण तीव्र चढउतार दमवतात. चढ चालत चढावा. त्यात कमीपणा काही नाही, अनुभवी मंडळीही तेच करतात. मुळे आणि ओली पाने यांच्यामुळे उतरताना पावले आखूड ठेवावीत. रानानंतर रुंद वाट, मग लहान रस्ता, व्हिटचर्च हे गाव आणि तेथील पथकराचा पूल असा क्रम आहे. पथकर मोटारींना आहे, पायी जाणाऱ्यांना नाही.

दुसरी वाट त्याहून सोपी आहे. गोरिंगहून उत्तरेकडे रिजवेने साउथ स्टोक या गावापर्यंत जावे आणि त्याच वाटेने परतावे. सर्व मिळून सहा-साडेसहा किलोमीटर होतात आणि चढ जवळजवळ नाही. येथे माझा एक अनुभव सांगणे कर्तव्य समजते. पहिल्या वर्षी मी या काठाने वर जाऊन पलीकडच्या काठाने परत यायचे ठरवले होते, कारण नकाशावर समोरच मुल्सफर्ड हे गाव दिसत होते. तेथे ओलांडायला काहीच नाही. जवळ जो पूल आहे तो केवळ आगगाड्यांचा आहे, आणि पायी जाणाऱ्यांसाठी पुढचा पूल थेट वॉलिंगफर्डच्या जवळ येतो. नोव्हेंबरची दुपार होती, परतेपर्यंत अंधार पडला, आणि शेवटचा टप्पा मी फोनच्या उजेडात चालत काढला. नदीकाठच्या वाटेची आखणी करताना आधी पूल मोजावेत, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

नदीकाठाला सरावल्यावर टेकड्यांकडे वळावे. स्ट्रीटलीच्या मागचा तीव्र चढ चढून गेल्यावर वारसास्थळे व निसर्ग जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यातील लार्डन चेज ही खडूच्या जमिनीवरची कुरणे लागतात. नदीपासून साधारण शंभर मीटरची ही चढण दमवते खरी, पण माथ्यावरून सगळी खिंड, दोन्ही गावे आणि मधून जाणारी नदी एका नजरेत दिसते. अशा जमिनीवर मातीचा थर अगदी पातळ असतो, म्हणून तेथे बारीक गवत आणि असंख्य रानफुले उगवतात, आणि उन्हाळ्यात फुलपाखरांची दाटी असते. डोक्यावर दुभंगलेल्या शेपटीचा एक तांबूस पक्षी तरंगताना हमखास दिसेल. तो रेड काइट, म्हणजे आपल्या घारीचाच भाऊबंद. इंग्लंडमधून नामशेष झालेला हा पक्षी १९८९ पासून स्पेनमधून आणून चिल्टर्नमध्ये पुन्हा वसवला गेला, आणि आज तो या आकाशाचा नेहमीचा रहिवासी आहे.

रिजवेचा खरा आनंद मात्र स्ट्रीटलीच्या पश्चिमेला आहे. गावातून उत्तरेकडे निघून आधी मोठ्या रस्त्याच्या कडेने आणि नंतर रेक्टरी रोडने जावे लागते, आणि पुलापासून साधारण चार किलोमीटरवर वॉरन फार्मपाशी डांबर संपते. तेथून पुढे गाडीवाटेसारखी रुंद, पांढरी वाट टेकड्यांच्या अंगाने वर चढत जाते आणि मग मैलोन्‌मैल माथा सोडत नाही. वाटेत कोठेही पाण्याची किंवा खाण्याची सोय गृहीत धरू नये. इल्सली गावांच्या परिसरात वाटेशेजारी गालिच्यासारखी कापलेली हिरवळ दिसेल आणि तिच्यावर धावण्याचा मोह होईल. ती शर्यतीच्या घोड्यांच्या सरावाची खाजगी मैदाने आहेत, भरधाव घोड्यापुढे माणूस येणे दोघांच्याही जिवावर बेतू शकते. म्हणून तिकडे पाऊल टाकू नये.

प्रश्न : मी ६२ वर्षांचा आहे. गेली वीस वर्षे पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडीवर पहाटे धावतो. मुलाने स्ट्रीटलीत घर घेतले असून ऑक्टोबर ते मार्च आम्ही उभयता तिकडे राहणार आहोत. पहाटे धावण्याची सवय तेथे चालू ठेवता येईल का? मुलगा म्हणतो की वाटांवर मोकळी गुरे असतात, त्यांचा त्रास होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली वीस वर्षांची सवय ही फार मोठी शिदोरी आहे, आणि ती तेथे नक्कीच चालू ठेवता येईल, केवळ पहाटेचा आग्रह सोडावा लागेल. डिसेंबरच्या अखेरीस त्या भागात सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. आपण निवृत्त असाल तर सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ धावण्यासाठी राखून ठेवावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा त्या दिवसापासून संध्याकाळ अचानक लवकर येते हेही ध्यानात असू द्यावे.

पायाखालची जमीन पुण्याहून अगदी वेगळी आहे. टेकडीवरचा मुरूम पावसानंतर पाऊल धरून ठेवतो. ओला खडू मात्र साबणासारखा निसरडा होतो, आणि त्यात रुतलेल्या गारगोटीच्या दगडांना धारदार कडा असतात. रस्त्यावर धावण्याचे गुळगुळीत तळव्यांचे बूट तेथे उपयोगाचे नाहीत. तळाला खोल खाचा असलेले ट्रेल शूज घ्यावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नदीकाठची कुरणे चिखलाने भरतात आणि पुष्कळदा पाण्याखालीही जातात. तेव्हा निघण्यापूर्वी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या पूरविषयक सूचना पाहाव्यात, आणि वाटेवर पाणी साचलेले दिसले तर ते किती खोल आहे याचा अंदाज पाय घालून घेऊ नये, परत फिरावे. ज्या दिवशी वाटा भिजलेल्या असतील त्या दिवशी आपल्या वयाला रेक्टरी रोड उत्तम. डांबरी आहे आणि हळूहळू चढतो. रस्त्याला पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे. वाहने तेथेही डावीकडूनच चालतात, पण गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवरही पुष्कळ ठिकाणी ताशी ६० मैल, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर वेगाची मुभा असते. दोन्ही बाजूंच्या उंच कुंपणझुडपांमुळे वळणापलीकडचे दिसत नाही. चमकदार रंगाचे जाकीट दिवसाही घालावे.

गुरांविषयी आपल्या मुलाची सूचना योग्य आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी. आपल्याकडची गाय दाव्याला असते किंवा गुराख्याबरोबर असते आणि माणसांत वाढलेली असते. तेथील गाई मोठ्या कुरणात मोकळ्या असतात, आणि धावत येणारी आकृती त्यांना बिथरवते. म्हणून गुरे असलेल्या कुरणात धावणे थांबवून शांतपणे चालावे, त्यांच्या आणि वासरांच्या मधून कधीही जाऊ नये, आणि शक्य तेवढा लांबचा वळसा घ्यावा. धोका वाटल्यास वाट सोडून सुरक्षित बाजूने जाऊन पुढे पुन्हा वाटेला लागणे तेथे मान्य आहे. बरोबर मुलाचे कुत्रे असेल तर ते आखूड दोरीवर ठेवावे, पण गुरे अंगावर आली तर दोरी सोडून द्यावी. त्यांचा राग कुत्र्यावर असतो आणि ते पळून जाऊ शकते. वळूंविषयी नियम असा आहे की दुभत्या जातींचा दहा महिन्यांहून मोठा वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात मोकळा ठेवता येत नाही. मांसासाठी पाळलेल्या जातींचा वळू गाई किंवा कालवडी बरोबर असतील तरच चालतो. हिवाळ्यात बरीचशी गुरे गोठ्यात असतात, तेव्हा आपल्याला हा प्रसंग कमी येईल. मेंढ्या मात्र बाहेर असतात. त्यांच्यापासून भय नाही, परंतु गाभण मेंढ्यांना पळवू नये.

आपल्या मुक्कामात एक गोष्ट नवी वाटेल : रानातून बंदुकींचे आवाज येतील. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा तेथे फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो. सार्वजनिक वाट त्या काळातही खुली राहते. शिकारी मंडळी दिसली की थांबावे, त्यांनी आपल्याला पाहिल्याची खात्री करावी आणि मग पुढे जावे.

सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा एक्स्प्लोरर मालिकेतील १७१ क्रमांकाचा नकाशा अवश्य घ्यावा. त्याचे प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे कागदावरचे चार सेंटिमीटर हे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यात हिरव्या आखूड तुटक रेघा म्हणजे पायवाटा, लांब तुटक रेघा म्हणजे घोडेवाटा. काळी तुटक रेघ मात्र तेथे वाट दिसते एवढेच सांगते, तिच्यावर आपला हक्क आहे असे सांगत नाही. नवखी माणसे बहुधा येथेच फसतात. फोनवरच्या नेहमीच्या नकाशांत शेतातल्या कित्येक पायवाटा नसतातच, आणि टेकड्यांमागच्या खोलगट भागांत फोनला संपर्कही मिळत नाही. निघताना घरी वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवावी. बोलण्याइतका संपर्क नसताना संदेश कधीकधी जातो. त्यासाठी ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर आधीच संदेश पाठवून फोनची नोंदणी करून घ्यावी.

प्रश्न : उन्हाळ्यात मी या भागात धावणार आहे. गवतातल्या गोचिडींमुळे आजार होतो असे ऐकले, ते खरे आहे का? तसेच मी धावताना यजमान सायकलवरून सोबत आले तर चालेल का?
— एक वाचक, स्विंडन

उत्तर : गोचिडींविषयी ऐकलेले खरे आहे. उंच गवत, नेच्यांची झुडपे आणि हरणांचा वावर असलेली राने येथे त्या असतात, आणि त्यांतील काहींच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. लांब मोजे घालावेत, परतल्यावर गुडघ्यांच्या मागची बाजू, जांघा, काखा आणि केसांची कड नीट पाहावी, आणि गोचीड आढळलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सावकाश सरळ वर ओढावी. तेल, काडीची धग असले उपाय करू नयेत. पुढील काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला किंवा ताप आल्यासारखे वाटले तर डॉक्टरांना भेटून गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे; वेळीच सुरू केलेल्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो. जूननंतर अरुंद वाटांवर नेटल नावाचे, आपल्या खाजकुइलीसारखी आग करणारे झुडूप कमरेइतके वाढते, म्हणून त्या दिवसांत पाय झाकलेले बरे.

यजमानांच्या सायकलीचे उत्तर बाणाच्या रंगात आहे. पिवळ्या बाणाच्या पायवाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही, त्यामुळे तशा वाटेचा विचार सोडून द्यावा. निळ्या, जांभळ्या आणि लाल बाणांच्या वाटांवर ती चालते. स्ट्रीटलीपासून पश्चिमेकडे रिजवेच्या शेवटापर्यंत सायकल नेता येते. पूर्वेकडे मात्र काही भागच सायकलींसाठी खुले आहेत, तेथे प्रत्येक फाटकावर बाण पाहूनच पुढे जावे. आपण दोघांनी वॉरन फार्मपासून सुरुवात करावी. घोडेवाटेवर सायकलस्वाराने पायी जाणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची असते, आणि मागून घोडा येत असेल तर आपण दोघांनीही एका बाजूला थांबून, स्वाराला ऐकू जाईल असे बोलून, त्याला पुढे जाऊ द्यावे.